पेगी ॲशक्रॉफ्ट आणि त्यांच्या दोन म्हाताऱ्या

एखाद्या इंग्रज नटीच्या कारकीर्दीवर मराठी मासिकानें आपलीं पानें खर्च करावीं काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि ती अगदींच अनाठायीं आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. पेगी ॲशक्रॉफ्टबाईंचें आयुष्य लंडन आणि स्ट्रॅटफर्ड येथील नाटकगृहांत गेलें. तीं नाटकें आपण पाहिलीं नाहींत; आतां पाहूं म्हटलें तरी बहुतेक कोठें मिळावयाचीं नाहींत. परंतु या बाईंनीं आयुष्याच्या अखेरीस, पंचाहत्तरीच्या आसपास, दोन भूमिका अशा केल्या कीं, त्यांचा संबंध सरळ आपल्याशीं येतो. 'द ज्युएल इन द क्राउन' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतील बार्बी बॅचलर आणि 'अ पॅसेज टु इंडिया' या चित्रपटांतील मिसेस मूर, या त्या दोन भूमिका. दोन्हीं कामें १९८४ सालीं लोकांपुढें आलीं. दोघीही म्हाताऱ्या, दोघीही इंग्रज, दोघीही हिंदुस्थानांत आपली श्रद्धा गमावून बसलेल्या. ज्या कलाकृतींत आपला देश हा दुसऱ्याच्या मनाच्या पडझडीचा नुसता देखावा म्हणून येतो, तिच्याकडे पाहतांना भारतीय प्रेक्षकाचें मन सावध होतें, आणि तें तसें व्हावेंही. तथापि या दोन म्हाताऱ्यांपुढें तें सावधपण आपण नकळत खालीं ठेवतों. तें कां, याचा उलगडा बाईंची सारी कारकीर्द नजरेखालून घातल्याशिवाय होत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

बाईंचा जन्म लंडनजवळील क्रॉयडन येथें २२ डिसेंबर १९०७ रोजीं झाला. वडील पहिल्या महायुद्धांत कामास आले. आईस हौशी नाटकांचा नाद होता. शिक्षण एल्सी फोगर्टी या प्रसिद्ध शिक्षिकेच्या नाट्यशाळेंत झालें. ही शाळा त्या काळीं रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें भरे, आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे बाईंचे तेथील सहाध्यायी. फोगर्टीबाईंचा सारा भर वाणीवर : उच्चार स्वच्छ हवा, स्वर भरदार हवा, शब्दाशब्दाला तोल हवा. या शिक्षणाचें ॲशक्रॉफ्टबाईंस फारसें कौतुक नव्हतें. मॉस्को आर्ट थिएटरच्या स्तानिस्लाव्हस्की यांचें आत्मचरित्र वाचून त्या शाळेपेक्षां अधिक शिकल्या असें सांगतात. आमच्या मतें त्यांनीं शाळेचें ऋण थोडें कमी लेखलें. ज्याच्याजवळ वाणीची पुंजी आहे, तोच पुढें ती काटकसरीनें वापरूं शकतो. ज्याच्याजवळ ती नाहीं, त्याच्या काटकसरीस दारिद्र्य हेंच नांव शोभतें. १९२६ सालीं बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी रंगमंदिरांत बॅरी यांच्या 'डिअर ब्रूटस' नाटकांत राल्फ रिचर्डसन यांच्यासमवेत त्यांनीं या धंद्यांत पाऊल टाकलें, तें कायमचेंच.

पहिलें मोठें नांव झालें तें १९३० सालीं, लंडनच्या सॅव्हॉय नाटकगृहांतील 'ओथेल्लो'मुळें. ही कथा देवलांच्या 'झुंजारराव' नाटकानें मराठी प्रेक्षकांस कधींच घरची करून टाकली आहे, म्हणून ती सांगत बसण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे त्या नाटकाचा जीव मत्सरांत होता. सॅव्हॉयमध्यें मात्र ओथेल्लोचें काम करीत होते पॉल रोबसन, म्हणजे खरेच कृष्णवर्णी गृहस्थ, आणि बावीस वर्षांची गोरी डेस्डेमोना त्यांच्या मिठींत जात होती. तेवढ्यावरून कित्येकांचीं माथीं भडकलीं. बाईंस गलिच्छ पत्रें आलीं. रोबसन यांस तर आदल्याच वर्षीं शेजारच्या सॅव्हॉय हॉटेलांतील भोजनगृहांत मज्जाव झाला होता. म्हणजे ज्या आवारांत त्यांचें गाणें व अभिनय चालावा, त्याच आवारांत त्यांना जेवण चालूं नये, असा हा न्याय! या प्रयोगांत एमिलियाचें काम सिबिल थॉर्नडाइक यांनीं केलें होतें, आणि इतर मंडळींचीं कामें बेताचींच झालीं असें जुन्या लेखांवरून दिसतें. परंतु रंगभूमीबाहेरचें जग रंगभूमीवर कसें चालून येतें, याचा पाठ या तरुण मुलीला तेथें मिळाला. पुढें पन्नासांहून अधिक वर्षांनीं एका गोऱ्या म्हातारीची एका हिंदी डॉक्टराशीं झालेली मैत्री तिला पडद्यावर दाखवावयाची होती. ती मैत्री तिनें इतक्या साधेपणानें दाखविली, याचें बीज आम्हांस सॅव्हॉयमध्येंच पडलेलें दिसतें.

त्यानंतरचा काळ ज्युलिएटचा. १९३२ सालीं जॉन गिलगुड यांनीं ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांकडून 'रोमिओ आणि ज्युलिएट' बसविलें. गिलगुड यांचें दिग्दर्शनांतील तें पहिलें पाऊल होतें, आणि ज्युलिएटसाठीं व तिच्या दाईसाठीं त्यांनीं ॲशक्रॉफ्टबाई व ईडिथ एव्हॅन्स यांस बोलाविलें. १९३५ सालीं लंडनच्या न्यू थिएटरांत पुन्हां तेंच नाटक झालें, तेव्हां एक विलक्षण व्यवस्था करण्यांत आली. गिलगुड व ऑलिव्हिए हे दोघे रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आलटून पालटून करीत. गिलगुड यांचा रोमिओ म्हणजे काव्याचा. ओळ त्यांच्या तोंडांत गाण्यासारखी फिरे. ऑलिव्हिए यांचा रोमिओ रक्तामांसाचा. त्याला छंदापेक्षां ज्युलिएटची घाई अधिक, आणि त्याबद्दल टीकाकारांनीं ऑलिव्हिए यांस धारेवरही धरलें. आमच्या रंगभूमीवर संगीत नट थोर कीं गद्य नट थोर, यावर जो वाद पिढ्यान्‌पिढ्या रंगला, त्याचाच हा इंग्रजी अवतार म्हणावयाचा. या वादांत ज्युलिएटची काय अवस्था होत असेल, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाहीं. सज्जावरून तीच वाक्यें बोलावयाचीं, आणि खालून एके काळीं वीणा तर एके काळीं तलवार उत्तर देणार! बाईंनीं दोन ज्युलिएटा केल्या नाहींत. एकच केली, आणि ती दोघांसही खरी वाटली. याचा अर्थ असा कीं, बोलण्याच्या कलेहून वेगळी अशी एक ऐकण्याची कला त्यांच्या ठिकाणीं त्याच वेळीं तयार होत होती. आमच्या गणपतराव जोशांचा हॅम्लेट जसा आतां केवळ ऐकीव, तशीच ही ज्युलिएट. परंतु ऐकणारी नटी ही खूण लक्षांत ठेवावी. पुढें ती आपणांस उपयोगी पडेल.

बाईंच्या मनांत एक ध्यास होता, तो कायम स्वरूपाच्या नाटकमंडळीचा. लंडनच्या वेस्ट एंडमध्यें एका नाटकापुरते नट जमावे आणि नाटक उतरलें कीं पांगावे, अशी रीत. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी यांच्या आठवणींवर वाढलेल्या मराठी वाचकास एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी, एकमेकांच्या सुरांशीं वर्षानुवर्षें जुळलेली मंडळी ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. तिचे कलह आणि तिचीं कर्जेंही आपणांस ठाऊक आहेत. इंग्रजांना मात्र तिचें स्वप्न पडत असे. १९३७–३८ च्या हंगामांत क्वीन्स थिएटरांत गिलगुड यांनीं अशी मंडळी जमविली. त्यांत मिशेल सां-दनी यांनीं बसविलेल्या चेकॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स'मध्यें बाई इरिना झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षीं कोमिसार्जेव्हस्की यांच्या हाताखालीं त्यांनीं 'सी गल'मधील नीना केली होती. शेक्सपिअरखालोखाल चेकॉव्हनें त्यांस घडविलें. चेकॉव्हच्या पात्रांस मनांतलें बोलतां येत नाहीं, म्हणून तीं भलतेंच कांहीं बोलत राहतात. फोगर्टीबाईंच्या शाळेंत याचा धडा नसावा.

या काळांत बोलपटांकडे बाईंनीं जवळजवळ पाठच फिरविली. ज्या थोड्या चित्रपटांत त्या दिसतात, त्यांपैकीं हिचकॉक यांचा 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (१९३५) अजून मोठ्या आवडीनें पाहिला जातो, आणि त्यांतील बाईंचें काम अवघें कांहीं मिनिटांचें. स्कॉटलंडच्या माळरानावर एका कर्मठ, कंजूष शेतकऱ्याची ही तरुण बायको. पळून आलेला नायक रात्रीपुरता तिच्या घरीं उतरतो. लंडनच्या बायका पायांच्या नखांना रंग लावतात हें खरें का, असें ती त्याला विचारते. प्रश्न पोरकट, परंतु तो विचारतांना तिचा चेहरा असा कांहीं उजळतो कीं, या घरांत तिचें सारें तारुण्य कसें जात आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. पुढें ती नवऱ्याचा कोट नायकाला देऊन त्याला मागील दारानें घालविते. कोटाच्या खिशांत प्रार्थनागीतांचें पुस्तक असतें, आणि तेंच नायकास लागलेली गोळी अडवितें. कोट दिल्याबद्दल तिला मात्र मार बसतो. साऱ्या चित्रपटांत इतकी धावपळ, इतका विनोद; तरी मनांत राहते ती ही दाराशीं उभी असलेली बाई. चित्रपटसृष्टीनें या नटीस तेव्हांच ओळखावयास हवें होतें. तिनें ओळखलें नाहीं, आणि बाईंनीं ओळख वाढविली नाहीं.

मधल्या वर्षांचा आढावा आम्ही धांवता घेणार आहों. १९४५ ची डचेस ऑफ माल्फी, १९४९ ची 'द एअरेस'मधील कॅथरिन स्लोपर, १९५२ ची रॅटिगन यांच्या 'द डीप ब्लू सी'मधील हेस्टर, १९५४ ची हेडा गाब्लर. हेडा तर त्यांनीं इब्सेनच्या मायदेशीं नेऊन दाखविली, आणि नॉर्वेच्या राजानें त्यांचा सन्मान केला. १९५६ सालीं इंग्लंडांत त्या 'डेम' झाल्या. या सर्व बायकांत एक नातें आहे. त्या सभ्य घरांतल्या आहेत, त्यांची भाषा सभ्य आहे, आणि आंत कांहीं तरी असह्य पेटलेलें आहे. बाई फार सोवळ्या, फार इंग्रज, अशी कुरकूर त्यांच्या पाठीमागें नेहमींच होती. १९५३ सालीं मायकेल रेडग्रेव्ह यांच्यासमोर त्या क्लिओपात्रा झाल्या तेव्हां ती मोठ्यानें ऐकूं आली. कुरकूर करणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घेतली नाहीं. सभ्यपणा हा या नटीचा दोष नसून तिचें हत्यार होतें. ज्या चेहऱ्यावर राग दिसणार नाहीं असें आपण धरून चालतों, त्याच चेहऱ्यावर तो उमटला म्हणजे अधिक भिववितो.

याचा पुरावा सुदैवानें शिल्लक आहे. १९६३ सालीं स्ट्रॅटफर्ड येथें पीटर हॉल व जॉन बार्टन यांनीं शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांची गुंफण करून 'द वॉर्स ऑफ द रोझेस' ही मालिका उभी केली. हॉल यांची रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणजे बाईंच्या स्वप्नांतील ती कायमची मंडळी. तिच्या स्थापनेपासून त्या तिच्याबरोबर होत्या, आणि त्यांच्या नांवलौकिकानेंच त्या नव्या संस्थेस सुरवातीला बळ आलें. या मालिकेंत बाईंनीं मार्गारेट राणीचें काम केलें. पहिल्या प्रवेशांत ती फ्रान्सहून आलेली उनाड तरुणी, शेवटच्या नाटकांत शाप देत हिंडणारी जख्ख म्हातारी. बाईंचें स्वतःचें वय त्या वेळीं पंचावन्न. बी.बी.सी.नें हा प्रयोग चित्रित करून १९६५ सालीं दाखविला, म्हणून तो आज पाहतां येतो. यॉर्कच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवून, त्याच्याच मुलाच्या रक्तांत भिजविलेला रुमाल त्याच्या हातीं देण्याचा प्रवेश ज्यांना पाहावयास मिळेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. साधारण नटी येथें राक्षसीण होते, आणि आपण निर्धास्तपणें तिचा द्वेष करूं लागतों. बाईंची मार्गारेट राक्षसीण होत नाहीं. या क्रौर्यांत विजयापेक्षां शीण अधिक आहे. आपण काय करीत आहों हें तिला कळतें, आणि कळूनही थांबतां येत नाहीं. सूड घेणाऱ्या बाईची अशी दया आम्हांस दुसऱ्या कोणत्याही नटीनें यावयास लावलेली नाहीं.

साठीनंतर मोठमोठ्या नट्या साधारणतः आपल्याच जुन्या यशाच्या प्रदर्शनाला लागतात. बाई उलट्या वाटेनें गेल्या. हॅरोल्ड पिंटर यांचें 'लँडस्केप' हें दोन माणसांचें लहानसें नाटक. नवरा-बायको एकाच स्वयंपाकघरांत बसून बोलतात, पण एकमेकांशीं नव्हे. त्यांतील शब्दांवर सरकारी परीक्षकानें हरकत घेतली, म्हणून १९६८ सालीं तें प्रथम नभोवाणीवरून ऐकविण्यांत आलें, आणि परीक्षकाचा तो अधिकारच रद्द झाल्यावर पुढल्या वर्षीं रंगभूमीवर आलें. मग १९७५ सालीं बेकेट यांच्या 'हॅपी डेज'मधील विनी. ही बाई पहिल्या अंकांत कंबरेपर्यंत आणि दुसऱ्या अंकांत मानेपर्यंत मातींत पुरलेली असते, आणि सारखी आनंदानें बडबडत असते. हातपाय गेले, मान वळेना, उरले डोळे आणि जीभ. ज्या नटीनें ज्युलिएटच्या सज्जापासून सुरवात केली, तिनें येथवर यावें हा प्रवास विचार करण्यासारखा आहे. बोलणें हें माणसाचें वैभव नसून कित्येकदां त्याचा शेवटचा आधार असतें. तोंड थांबलें तर शांतता आंत शिरेल, या भयानें माणूस बोलतो. विनीनंतर सात-आठ वर्षांनीं हिंदुस्थानांत जी बार्बी बॅचलर आपणांस भेटते, ती विनीचीच धाकटी बहीण.

हिंदुस्थानाची ओळख बाईंस त्याआधींच झाली होती. १९७८ सालीं जेम्स आयव्हरी यांच्या 'हुल्लबलू ओव्हर जॉर्जी अँड बॉनीज पिक्चर्स' या जोधपूर येथें घेतलेल्या चित्रपटांत त्या जुन्या चित्रांच्या मागावर आलेल्या एका लोभी, हसऱ्या इंग्रज बाईच्या वेषांत दिसतात. समोर महाराजा म्हणून व्हिक्टर बॅनर्जी. हेंच गृहस्थ पुढें डॉक्टर अझीझ झाले.

पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरून ग्रॅनाडा कंपनीनें 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका तयार केली. बार्बी ही मिशनच्या शाळांतून निवृत्त झालेली शिक्षिका. पानकोट नांवाच्या काल्पनिक थंड हवेच्या ठिकाणीं ती मेबल लेटन या लष्करी विधवेच्या घरीं पैसे देऊन राहते. तिचा बाप गरीब, तिची इंग्रजी जरा जास्तच नीटस. त्यामुळें लष्करी घराण्यांतल्या बायकांच्या लेखीं ती खालच्या पायरीवरची. आणि बोलते किती! बोलून झाल्यावर आपण फार बोललों याची तिला लाज वाटते, आणि ती लाज झांकण्यासाठीं ती आणखी बोलते. ही कंटाळवाणी बाई बाईंनीं खरोखर कंटाळवाणी केली आहे, हें आम्हांस विशेष वाटतें. दुसऱ्या एखाद्या नटीनें तिला गोड केलें असतें. येथें खोलींतील इतर बायकांबरोबर आपणही मनांत म्हणतों, बाई, आतां पुरे. मग मेबल मरते. आपणास रानपूर येथें नवऱ्याशेजारीं पुरावें ही तिची इच्छा केवळ बार्बीस ठाऊक असते; सून मिल्ड्रेड ती धुडकावून लावते, आणि बार्बीच्या आकांताला कोणी किंमत देत नाहीं. जन्मभर बडबडलेल्या माणसाजवळ एकदांच सांगण्यासारखें कांहीं असतें, तेव्हांच तें ऐकण्याची सर्वांची संवय मोडलेली असते. आणि ही संवय मोडणारांत आपणही होतों, ही टोचणी प्रेक्षकास येथें लागते. घर गेलें, पेटीभर जुनीं पत्रें व पुस्तकें राहिलीं, टांगा उलटला, बुद्धि गेली. शेवटीं रुग्णालयाच्या खिडकीशीं बसलेली बार्बी बोलत नाहीं. मूळ कादंबरींत त्या खिडकींतून पारशांच्या दोखम्यावर घिरट्या घालणारीं गिधाडें दिसतात, आणि तिच्या मरणाचा दिवस हिरोशिमाच्या बाँबचा आहे. स्कॉट यांस प्रतीकांचा थोडा सोस आहे खरा. बाईंचा चेहरा मात्र प्रतीक व्हावयास नकार देतो. तो एका दमलेल्या मास्तरणीचाच चेहरा राहतो.

मिसेस मूरचें काम डेव्हिड लीन यांनीं देऊं केलें तेव्हां बाई नुकत्याच हिंदुस्थानांत बरेच महिने काढून परतल्या होत्या आणि कां-कूं करीत होत्या. आपलें वय पंचाहत्तर आहे, असें त्यांनीं सांगितलें. माझेंही तितकेंच, असें लीन यांनीं उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. मिसेस मूर बार्बीच्या अगदीं उलट. ती मोजकें बोलते. चांदण्यांत मशिदींत शिरलेली पांढरी आकृति पाहून अझीझ दचकतो, ओरडतो. जोडे काढले आहेत, असें ती सांगते, आणि त्याच्या आवाजांतील राग कसा ओसरतो हें ती नुसती पाहत राहते. या प्रवेशांत बोलणारा बॅनर्जी आहे. प्रवेश मात्र ऐकणारीच्या मालकीचा आहे. वर ज्युलिएटच्या वेळीं आम्हीं जी खूण ठेवली होती, ती ही. पुढें गुहेंतील प्रतिध्वनि, ज्यांत प्रार्थना काय आणि शिवी काय एकाच निरर्थक नादांत बुडून जाते, तो ऐकून ती बाहेर येते, आणि तिचा चेहरा मिटतो. त्या क्षणापासून ती चांगली बाई राहत नाहीं. ती चिडखोर होते, कोणाचेंच तिला कांहीं वाटेनासें होतें, आणि निरपराध अझीझ तुरुंगांत असतांना ती आगबोटीवर चढून निघून जाते. लीन यांस हें थोडें जड गेलें असावें. त्यांनीं तिला ताऱ्यांखालीं, समुद्रावर, भव्य मरण दिलें आहे. फॉर्स्टर यांनीं तें एखाद्या बातमीसारखें उरकलें होतें, आणि तेंच आम्हांस अधिक योग्य वाटतें. दिग्दर्शक तिला संत करूं पाहतो, आणि नटी तिला वैतागलेली म्हातारी ठेवूं पाहते. या ओढाताणींत नटी जिंकली आहे.

याच चित्रपटांतील एक गोष्ट मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे, आणि तिच्याबद्दल आम्हांस स्पष्ट लिहिलें पाहिजे. कादंबरींतील प्राध्यापक नारायण गोडबोले हे दक्षिणी ब्राह्मण. फॉर्स्टर हे १९२१ सालीं देवास थोरली पाती या मराठी संस्थानांत महाराजांचे खासगी चिटणीस होते. तेथील गोकुळअष्टमीचा उत्सव त्यांनीं पाहिला, आणि तो कादंबरीच्या शेवटच्या भागांत उतरविला. त्या उत्सवांत गोडबोले तुकारामाचें नांव घेऊन कीर्तनांत रंगतात, आणि रंगतां रंगतां त्यांना पूर्वीं भेटलेली एक म्हातारी इंग्रज बाई, मिसेस मूर, अवचित आठवते; तिच्या पाठोपाठ एक गांधीलमाशी आठवते; आणि ते प्रेमानें दोघांसही देवाकडे ढकलतात. मरून गेलेल्या, श्रद्धा हरपलेल्या त्या बाईला कादंबरींत अखेर जागा मिळते ती अशी, टाळांच्या गजरांत. चित्रपटांत हें कांहींच नाहीं. गोडबोल्यांचें काम ॲलेक गिनेस यांनीं तोंडास तपकिरी रंग फासून केलें आहे. गिनेस मोठे नट, याबद्दल वाद नाहीं. परंतु हे गोडबोले पाहून कोणाही पुणेकरास हसावें कीं रडावें हें समजूं नये. उत्सव गेला, तुकाराम गेला, आणि उरला तो गूढपणें मान हलविणारा एक बाहुला. आगगाडी निघतांना तो काळोखांतून पुढें येऊन मिसेस मूरला हात जोडतो. त्या एका क्षणांत गिनेस यांचा रंग दिसतो आणि बाईंचे डोळे दिसतात, आणि एकाच चौकटींत खोटें आणि खरें शेजारीं उभें राहिल्यासारखें वाटतें.

त्याच १९८४ सालीं सलमान रश्दी यांनीं या सर्व राज-कथांवर कडक टीका केली. गेलेल्या साम्राज्याची ही हुरहुर आहे, येथें हिंदी माणसें आपल्याच इतिहासांत दुय्यम पात्रें होतात, असा त्यांचा आक्षेप. तो आम्हांस बव्हंशीं मान्य आहे, आणि आम्ही त्यांत आणखी एक भर घालूं. या कथांत साम्राज्याची सदसद्विवेकबुद्धि नेहमीं एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर टाकलेली असते. पुरुषांनीं राज्य करावें, आणि आज्यांनीं वाईट वाटून घ्यावें, ही मोठी सोईची वांटणी आहे. ॲशक्रॉफ्टबाईंचें काम या सोईच्या आड येतें. त्यांच्या दोघी म्हाताऱ्या कोणाच्या वतीनें पश्चात्ताप करीत नाहींत. एक बडबडून कंटाळा आणते, दुसरी ऐन वेळीं पळून जाते. आपल्या देशाचे दोष धुऊन काढण्याइतक्या त्या थोर नाहींत, आणि नटीनें त्यांना तेवढें थोर होऊं दिलेलें नाहीं. इंग्रज मनुष्य आपल्यासमोर इतका निःशस्त्र होऊन फारसा आलेला नाहीं, म्हणून आपलें सावधपण ढिलें पडतें, असा आमचा समज आहे.

मिसेस मूरबद्दल बाईंस २५ मार्च १९८५ रोजीं ऑस्कर पारितोषिक मिळालें, वय सत्त्याहत्तर. समारंभास त्या गेल्या नाहींत. चारच दिवसांपूर्वीं मायकेल रेडग्रेव्ह वारले होते, आणि आपल्या जुन्या अँटनीच्या अंत्यविधीसाठीं त्या इंग्लंडांतच राहिल्या; पारितोषिक अँजेला लान्सबरी यांनीं त्यांच्या वतीनें घेतलें. रंगभूमीवरील शेवटचें काम त्याआधींच, १९८१–८२ सालीं, 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल'मधील वृद्ध काउंटेसचें झालें होतें. १४ जून १९९१ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला.

त्यापूर्वीं १९८९ सालीं त्यांनीं पीटर हॉल यांच्याच दिग्दर्शनाखालीं 'शी'ज बीन अवे' हा चित्रपट केला. 'ज्युएल'मध्यें सारा लेटन झालेल्या जेराल्डिन जेम्स त्यांत त्यांच्या सोबत आहेत, आणि व्हेनिसच्या महोत्सवांत उत्कृष्ट अभिनयाचें पारितोषिक दोघींस मिळून देण्यांत आलें. तरुणपणीं वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेली आणि साठ वर्षांनीं तें बंद होतांना पुतण्याच्या श्रीमंत घरीं आणून ठेवलेली ही म्हातारी. कितीतरी वेळ ती बोलतच नाहीं. जेवणाच्या टेबलापाशीं तिला बसवितात, तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलतात, तिला कांहीं कळत नाहीं असें घरांतल्या माणसांनीं ठरवून टाकलेलें असतें. बाई फक्त खोलींतल्या एकेका चेहऱ्याकडे पाहतात, आणि प्रेक्षकास हळूहळू समजूं लागतें कीं, या घरांत चाललेलें सारें जर कोणास कळत असेल, तर तें तिलाच.